शंभर टन शेण, पंचाहत्तर ग्रॅम औषध

ग्वाल्हेरच्या मुरार भागात लाल टिपारा नावाची गोशाळा आहे. महापालिकेची, शहरातली सर्वांत मोठी. जनावरं दहा हजारांच्या घरात. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून इथल्या बायोगॅस प्रकल्पाचं उद्घाटन केलं. प्रकल्पासाठी इंडियन ऑइलने ३१ कोटी रुपयांच्या आसपास रक्कम दिली. रोज १०० टन शेण पचवायचं, त्यातून २ टनांच्या आसपास गॅस काढायचा आणि उरलेल्यातून १० ते १५ टन कोरडं खत, असा त्याचा आराखडा.

१०० टन हा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब सरळ आहे. एक जनावर दिवसाला सरासरी १० किलो शेण टाकतं. दहा हजार जनावरं म्हणजे १ लाख किलो, म्हणजेच १०० टन.

आता हाच हिशेब देशाला लावू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतातल्या गायी-म्हशी ३० कोटींवर भरल्या. दहा किलोच्या भावाने रोजचं शेण झालं ३०० कोटी किलो, म्हणजे ३० लाख टन. ताजं शेण वजनाला जवळपास पाण्याइतकंच, तेव्हा ३० लाख घनमीटर. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा डोंगर पावणेतीन किलोमीटर लांब आणि सुमारे ९० मीटर उंच. रुंदी कुठे दोनशे मीटर, कुठे आठशे. सरासरी ४०० धरली तर तो डोंगर १० कोटी घनमीटरचा होतो. देशातलं सगळं शेण एका जागी रचत गेलं, तर महिनाभरात ग्वाल्हेरच्या किल्ल्याएवढा डोंगर उभा राहील. वर्षाला अकरा किल्ले.

डोंगरात दडलेली पोती

ताज्या शेणात पाणीच ऐंशी टक्के. नत्र असतं शेकडा ०.३ ते ०.४, स्फुरद आणि पालाश त्याहून कमी. चिमूटभर वाटतं. पण चिमूट किल्ल्यातून काढायची आहे. ०.४ टक्क्याने ३० लाख टनांत रोज १२,००० टन नत्र. वर्षाला ४४ लाख टनांच्या आसपास. युरियात नत्र ४६ टक्के असतं, त्या मापाने हे ९५ लाख टन युरिया झालं. ४५ किलोच्या पोत्यांत भरलं तर २१ कोटी पोती. देश वर्षाला साडेतीनशे लाख टनांच्या आसपास युरिया वापरतो. म्हणजे आपल्या गोठ्यांत युरियाच्या गरजेचा चौथा हिस्सा रोज सकाळी फावड्याने ओढला जातो. त्यातलं बरंच गोवऱ्या होऊन चुलीत जातं, बरंच उकिरड्यावर उन्हात अमोनिया होऊन उडून जातं, ही वेगळी रड आहे.

लाल टिपाऱ्यापुरतं बोलायचं तर १०० टनांत ४०० किलो नत्र, म्हणजे रोजची १९ पोती युरिया. बायोगॅसची खुबी अशी की गॅस होऊन जातो तो मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. नत्र, स्फुरद, पालाश टाकीतच राहतात आणि स्लरीबरोबर बाहेर येतात. चूलही पेटते आणि शेतही पिकतं. म्हणूनच केंद्राने २०१८ मध्ये ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या योजना आणल्या. ‘सतत’चं उद्दिष्ट ५,००० प्रकल्पांचं होतं. २०२३ पासून अशा प्रकल्पांतून निघालेल्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपयांचं साहाय्यही सुरू झालं.

हिशेब इथपर्यंत गोड आहे. आता त्यात एक छोटा आकडा मिसळायचा आहे. इतका छोटा, की गोशाळेच्या वहीत त्याला रकानाच नसतो.

सुईतून शेणात

गायीला कासदाह झाला, घटसर्प झाला, खूर सडलं, रस्त्यावरच्या अपघातात जखम होऊन ती चिघळली, की डॉक्टर अँटिबायोटिक देतात. द्यायलाच हवं. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे त्यातलं जुनं आणि स्वस्त औषध. १९५० पासून बाजारात आहे, गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सापडतं. मात्रा साधारण किलोमागे १० मिलिग्रॅम. ३०० किलोच्या गायीला दिवसाला ३ ग्रॅम.

हे ३ ग्रॅम गायीत विरून जात नाही. जनावराला दिलेल्या अँटिबायोटिकपैकी ३० ते ९० टक्के भाग औषधाप्रमाणे कमी-जास्त शेणामूत्रातून बाहेर पडतो, असं जगभरच्या मोजमापांतून दिसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी पाच वासरांना पाच दिवस ऑक्सिटेट्रासायक्लिन खाऊ घातलं आणि शेण गोळा करून तपासलं. दिलेल्यापैकी सुमारे २३ टक्के औषध त्यात परत मिळालं. आपण हिशेबाला पावभाग धरू.

जगाचा आकडाही पाहून ठेवा. २०२० साली जगभरात खाद्यप्राण्यांना दिलेली प्रतिजैविकं सुमारे ९९,५०० टन होती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं तीस टक्केच बाहेर पडलं असं कमीत कमी धरलं, तरी ३०,००० टन औषध एका वर्षात जगाच्या उकिरड्यांवर आणि गटारांत गेलं.

आता दहा हजार जनावरांच्या एका गोशाळेचं उदाहरण घेऊ. हा लाल टिपाऱ्यावरचा आरोप नाही. त्या मापाच्या कुठल्याही गोठ्याचा हा कागदावरचा हिशेब आहे. एखाद्या दिवशी शंभरातलं एक जनावर औषधावर आहे. म्हणजे १०० गायी, प्रत्येकी ३ ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम. त्याचा पावभाग शेणात, म्हणजे ७५ ग्रॅम.

१०० टनांत ७५ ग्रॅम. किलोमागे पाऊण मिलिग्रॅम. शेण टाकीत ढकलताना त्यात तेवढंच पाणी मिसळतात, म्हणून स्लरी झाली दोन लाख लिटर आणि लिटरमागे औषध उरलं ०.३७५ मिलिग्रॅम. इथे कुणीही म्हणेल, सोडून द्या हो, एवढ्याशाने काय होतंय?

दोन रेषा

काय होतं ते ठरवायला दोन रेषा आहेत आणि दोन्ही मोजलेल्या आहेत.

पहिली रेषा यंत्राची. त्याच अमेरिकन संशोधकांनी औषध खाल्लेल्या वासरांचं शेण बायोगॅसच्या टाकीत घातलं. सुरुवातीला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम औषध होतं. बिनऔषधी शेणाच्या तुलनेत गॅस २७ टक्के कमी निघाला. इतकी घट कुठल्याही मॅनेजरला मीटरवर दिसेल.

दुसरी रेषा जिवाणूची. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक चिवट प्रश्न सोडवला. औषध इतकं पातळ आहे की जिवाणू मरत नाही, तरीसुद्धा औषधाला दाद न देणारा जिवाणू साध्या जिवाणूवर मात करतो का? उत्तर आलं, करतो. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्याच कुळातल्या टेट्रासायक्लिनच्या बाबतीत मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमलाच ही मात सुरू होते. म्हणजे लिटरमागे ०.०१५ मिलिग्रॅम.

दोन रेषांमधलं अंतर मोजा. १० आणि ०.०१५. साडेसहाशे पटींहून जास्त.

आणि आपली स्लरी कुठे बसते? ०.३७५ मिलिग्रॅम हे यंत्राच्या रेषेच्या सुमारे २७ पट खाली आहे आणि जिवाणूच्या रेषेच्या २५ पट वर. बरोबर मध्यावर. गॅस नेहमीसारखा निघेल, मीटर नेहमीचा आकडा दाखवेल, खत नेहमीच्या रंगाचं पडेल. आणि टाकीच्या आत निवड चालू असेल.

जिवाणूची रेषा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रवात मोजलेली आहे, हे इथे सांगायलाच हवं. शेण स्वच्छ द्रव नव्हे. टेट्रासायक्लिन चोथ्याला आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि चिकटलेलं औषध तेवढं काम करत नाही. त्यामुळे खरी गाठ २५ पटींवर पडणार नाही, खाली उतरेल. पण २५ पटींची रक्कम हाताशी असताना बरंच चिकटून बसलं, तरी रेषेच्या आसपास राहायला शिल्लक उरते.

दोन परार्ध

टाकीच्या आत किती जीव आहेत याचा अंदाज घ्या. स्लरीच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणू अब्जाच्या घरात असतात. दोन लाख लिटर म्हणजे २० कोटी मिलिलिटर. गुणाकार केला की येतात २ वर १७ शून्यं. आपल्या जुन्या अंकगणितात एकं, दहं, शतं करत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अठराव्या स्थानापर्यंत नावं दिली. शेवटचं नाव परार्ध. एका दिवसाच्या स्लरीतले जिवाणू बरोबर दोन परार्ध भरतात. तीस दिवसांची स्लरी टाकीत मुरत असेल, तर ६० परार्ध, आणि जुन्या यादीत पुढे नावच उरत नाही.

आता ते ७५ ग्रॅम या गर्दीत वाटून टाका. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या ७५ ग्रॅममध्ये रेणू असतात १ वर २३ शून्यं इतके. प्रत्येक जिवाणूच्या वाट्याला येतात सुमारे ५ लाख रेणू. हे औषध ज्यावर हल्ला करतं ते रायबोसोम, म्हणजे जिवाणूचे प्रथिनं बनवण्याचे कारखाने, एका जिवाणूत काही हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत असतात. १०० टनांत विरलेलं ७५ ग्रॅम औषध आपल्याला नगण्य वाटतं. जिवाणूच्या दारात मात्र प्रत्येक कारखान्यामागे निदान सात-आठ हल्लेखोर उभे राहतात.

या गर्दीत औषधाला पुरून उरणारे आधीपासूनच असतात. जिवाणूची प्रत काढताना चुका होतात आणि एखादी चूक प्रतिकार देऊन जाते. असं घडण्याचा योग शंभर कोटींत एकदा, असा कंजूष धरला, तरी दोन परार्धांत असे २० कोटी निघतात. शिवाय प्रतिकाराचं जनुक हे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात, आणि जात वेगळी असली तरी देतात.

अशा एकाला दर पिढीला फक्त एक टक्का जास्त वाढ मिळाली, तर काय होईल? समजा, सुरुवातीला तो कोटीत एक आहे. साध्या जिवाणूंची बरोबरी करायला त्याला १,६२० पिढ्या लागतील. तासाला एक पिढी धरली तर ६७ दिवस. म्हणजे दोन महिने आणि आठवडा. कोटीत एक ते निम्म्यात निम्मा, तेही केवळ एक टक्क्याच्या जोरावर.

कामगार कोण, आणि मरतं कोण?

शेणातलं नत्र झाडाला थेट मिळत नाही. आधी त्याचा अमोनिया व्हावा लागतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्यांत नायट्रोसोमोनास ही मंडळी महत्त्वाची आणि ती अतिशय संथ वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दिवसात कागदोपत्री ७२ वेळा. नायट्रोसोमोनासला एका दुपटीला आठ तासांपासून दिवसभर लागतो. एकाने बारा तास घेतले असं धरलं, तर दोन दिवसांत तो एकाचे सोळा होतो. तेवढ्या वेळात ई. कोलायच्या दुपटी होतात १४४. औषधाने दोघांचेही मुडदे पाडले, तर पोकळी कोण आधी भरून काढणार हे सांगायला नको. रोग पसरवू शकणारे लवकर सावरतात, शेताची कामं करणारे मागे राहतात.

जर्मनीत डुकरांच्या मलमूत्रात सल्फाडायझिन हे सल्फा औषध मिसळून मातीत घातलं गेलं, तेव्हा शेताची कामं करणाऱ्यांचं असंच झालं. अमोनिया पचवणारे जिवाणू दबले. त्यांच्या जागी तेच काम करणारे आर्किया नावाचे दुसरे सूक्ष्मजीव टिकून राहिले, कारण त्या औषधाचा त्यांच्यावर तेवढा परिणाम झाला नाही. नत्राचं चाक थांबलं नाही, पण फिरवणारे हात बदलले आणि वेग मंदावला.

हात बदलले की निकाल कसा उलटसुलट लागतो पाहा. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही आर्कियाच. फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की टेट्रासायक्लिन दिलेल्या गायींच्या शेणाच्या पोवट्यांतून कुरणात मिथेन कमी नाही, उलट १.८ पट जास्त निघाला. बहुधा औषधाने जिवाणू दबले, आर्किया माजले. टाकीत मात्र गॅस घटला, कारण तिथे आर्कियांना कच्चा माल पुरवणारे जिवाणू आधी हवेत, आणि औषधाने पुरवठाच तोडला असावा. म्हणजे जिथे मिथेन हवा आहे तिथे घट आणि जिथे नको तिथे वाढ. औषध एकच, तोटा दोन्हीकडून.

मातीतही असाच तोटा होतो. अमेरिकेतल्या दुग्धशाळांशेजारच्या जमिनी तपासल्या, तेव्हा औषध दिलेल्या गायींचं शेणखत पडणाऱ्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा श्वासोच्छ्वास, त्यांच्या वजनाच्या मानाने, दुप्पटीहून जास्त आढळला. त्रासलेला सूक्ष्मजीव खातो जास्त आणि वाढतो कमी. कार्बन मातीत साठण्याऐवजी हवेत जातो. शेणखत घालण्यामागचा अर्धा हेतू मातीत कर्ब वाढवण्याचा असतो, त्यालाच ही गळती.

मातीने औषध दिलं होतं

इतिहासातली एक नोंद इथे सांगण्याजोगी आहे. क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांनी शोधलं. ज्या सूक्ष्मजीवातून ते मिळालं, तो दोन ठिकाणी सापडला होता: एका कोंबडीच्या घशात आणि भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत. म्हणजे औषध मातीला नवं नाही. लाखो वर्षं सूक्ष्मजीव मातीत एकमेकांविरुद्ध हेच वापरत आले आहेत आणि प्रतिकारही तितकाच जुना आहे. नवं आहे ते प्रमाण.

प्रमाण किती वाढलं याचा पुरावा नेदरलँड्सच्या जुन्या मातीच्या बाटल्यांत सापडला. तिथे १९४० पासून २००८ पर्यंतचे मातीचे नमुने जपून ठेवले होते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्यांतली प्रतिकाराची जनुकं मोजली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. टेट्रासायक्लिनला प्रतिकार देणारी काही जनुकं १९७० च्या दशकाच्या तुलनेत १५ पटींहून जास्त झाली होती. शेतात औषध कुणी फवारलं नव्हतं.

एका हेक्टरचा हिशेब करू. शेतकरी हेक्टरी १० टन शेणखत घालतो. त्यातून ५० किलोच्या आसपास नत्र मिळतं. किलोमागे १ मिलिग्रॅम औषध उरलं असेल, तर त्या दहा टनांत औषध १० ग्रॅम. हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे २२ लाख किलो. किलोभर मातीमागे औषध साडेचार मायक्रोग्रॅम. ही मात्रा खरोखरच क्षुल्लक आहे आणि बहुतेक टेट्रासायक्लिन तिथेच मातीला चिकटून बसतं. पण औषधाबरोबर खतातून निवडून आलेले जिवाणूही येतात. औषध दिवसागणिक घटत जातं. जनुक मात्र स्वतःच्या प्रती काढतं.

काही औषधं तर रेषाच इतकी खाली नेतात की डोकं चक्रावतं. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचं औषध, गायीच्या शरीरात त्याच्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. तेच सिप्रो माणसांना मूत्रसंसर्गासाठी लिहून देतात. उप्सालाच्या मोजणीत सिप्रोची रेषा निघाली मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅम. १ ग्रॅम सिप्रो १ कोटी लिटर पाण्यात मिसळलं की ही मात्रा होते. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर, आणि त्यांत मिळून एक ग्रॅम. ३०० किलोच्या गायीला एन्रोफ्लॉक्सासिनचा तीन दिवसांचा डोस साडेचार ग्रॅम होतो.

गिधाडांचा धडा

‘शंभरात एका गायीने काय होतंय’ असं वाटत असेल, तर भारताने हा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. औषध वेगळं होतं, अँटिबायोटिक नव्हे, डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं की त्याच्या मांसातला अंश गिधाडांची मूत्रपिंडं निकामी करायचा. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं. यासाठी किती मृत जनावरांत घातक मात्रा असावी लागते, याचं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं: १३० त एक ते ७६० त एक. एक टक्काही नाही. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, तोवर मेलेली जनावरं साफ करणारी निसर्गाची फौज संपली होती.

गिधाडांनी निदान मोजता येईल असं मरून दाखवलं. जिवाणूंच्या बाबतीत कुणी मरताना दिसत नाही. मरतो तो माणूस, कुठल्या तरी इस्पितळात, औषध लागू पडलं नाही म्हणून. २०१९ मध्ये जगात १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिजैविक-प्रतिकारामुळे झाले, असा ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात माणसांच्या औषधवापराचा वाटा मोठा आहे आणि गोठ्याकडे बोट दाखवून दवाखान्यांना सुटता येणार नाही. पण गोठ्यालाही सुटता येणार नाही.

बाटलीवर काय लिहिलंय

जनावरांच्या औषधाची बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा. २०१२ पासून कायद्याने त्यावर थांबण्याची मुदत लिहावी लागते. औषधाची स्वतंत्र मुदत ठरलेली नसेल तर दूध आणि अंडी किमान ७ दिवस, मांस किमान २८ दिवस वापरायचं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधातल्या आणि मांसातल्या अंशांच्या मर्यादाही ठरवल्या आहेत. कोलिस्टिन या राखीव औषधावर २०१९ मध्ये पशुखाद्यासकट बंदी आली. हे सगळं योग्यच झालं.

त्याच बाटलीवर शेणाबद्दल एक शब्द नसतो. खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खतासाठी आर्सेनिक, कॅडमियम, शिसं, पारा यांच्या मर्यादा आहेत, ओलावा आणि कर्ब-नत्राचं प्रमाण आहे. अँटिबायोटिकची मर्यादा नाही. गाय दिवसाला पाच लिटर दूध देते, त्याला सात दिवसांची मुदत. दहा किलो शेण देते, त्याला शून्य दिवस. आणि गोशाळेतल्या भाकड गायी दूध देतच नाहीत, तिथे मुदतीचा विचार डोक्यात यायचं कारणच उरत नाही.

सहा दिवसांची आच

या हिशेबातला सर्वांत दिलासा देणारा आकडा आता. त्याच पाच वासरांच्या शेणाचं कंपोस्ट केलं, तेव्हा ऑक्सिटेट्रासायक्लिन सहा दिवसांत ९५ टक्क्यांनी घटलं: ग्रॅममागे ११५ मायक्रोग्रॅमवरून ६ च्या खाली. तेच मिश्रण गरम न होऊ देता २५ अंशांवर ठेवलं, तर ३७ दिवसांनंतरही घट फक्त १२ ते २५ टक्के. आणि बायोगॅसच्या टाकीत औषध निम्म्यावर यायला ५६ दिवस लागले.

तीन आकडे शेजारी ठेवा. गरम ढिगात सहा दिवसांत विसावा हिस्सा. टाकीत ५६ दिवसांत निम्मं. थंड ढिगात महिन्याहून अधिक काळ बरंचसं तसंच. फरक आचेचा आणि हवेचा. नीट रचलेला, ओलसर, हवा खेळणारा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. तापला की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, दहा मिनिटांनी ओढायची आणि टोकाला हात लावायचा. हात धरून ठेवता आला तर ढीग थंड आहे, उलटापालट करायला हवी.

सगळीच औषधं अशी शहाणी नसतात. एन्रो-सिप्रोच्या कुळातली औषधं ढिगातही चिवट राहतात. सल्फा औषधं मातीला कमी चिकटतात आणि पाण्याबरोबर चटकन वाहतात. म्हणून ढीग पत्र्याखाली हवा आणि त्यातून पाझरणारं काळं पाणी ओढ्यात जाता कामा नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीमुळे घराघरांत पोहोचलेलं जीवामृत म्हणजे १० किलो शेण, तेवढंच गोमूत्र, गूळ, बेसन आणि २०० लिटर पाणी. गूळ आणि बेसन कशासाठी, तर शेणातले सूक्ष्मजीव वाढावेत म्हणून. इथे आच नाही. जे असेल ते दोन दिवसांत वाढवलं जातं. औषधावर असलेल्या गायीचं शेण वा मूत्र टाकायला याहून चुकीची जागा सापडणार नाही.

दोन-तीन टनांचा उपाय

औषधावर असलेल्या शंभर गायी ओळखणं अवघड नाही. डॉक्टरच्या वहीत त्यांची नोंद असते, कानात बिल्ला असतो. आजारी जनावरांचा वाडा बहुतेक गोशाळांत वेगळाच असतो. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर त्या वाड्यातलं शेण वेगळं काढायचं. उपचार संपून आठवडा न उलटलेल्या गायीही त्यात धरल्या, तर कोणत्याही दिवशी अशी जनावरं दोनशे-तीनशे होतील. म्हणजे १०० टनांतले दोन-तीन टन. औषध जवळजवळ सगळं त्या दोन-तीन टनांत असतं. ते टाकीत न ढकलता गरम ढिगात घालायचं. उरलेले ९७ टन बिनघोर टाकीत जाऊ द्यायचे. गॅस दोन-तीन टक्क्यांनी घटेल आणि ढिगाचं खत तेवढं वाढेल. ढिगातून थोडं नत्र अमोनिया होऊन उडेल, पण ते त्या दोन-तीन टनांपुरतंच.

सरकारच्या पातळीवर दोन गोष्टी हव्यात. बाटलीवरच्या मुदतीत दूध, मांस, अंडी यांच्या खाली शेणाची ओळ यावी. आणि टनामागे १,५०० रुपये मोजून जे सेंद्रिय खत विकलं जातं, त्याच्या तपासणीत अँटिबायोटिकच्या अंशाचा रकाना यावा. ग्वाल्हेरमध्ये २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, शंभर टनांचा प्रकल्पही आहे. देशात हजारो प्रकल्प उभे राहण्याआधी ही मोजणी सुरू करायला याहून सोयीचं शहर नाही.

आणि घरी दोन गायी असतील तर तुम्हाला कुणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. गायीला सुई टोचली की दूध किती दिवस काढून टाकायचं हे तुम्ही डॉक्टरला विचारताच. त्याच दमात विचारा, शेण किती दिवस वेगळं ठेवू? आणि तेवढे दिवस त्या गायीच्या पोवट्या जीवामृताच्या पिंपात किंवा गॅसच्या टाकीत न टाकता उकिरड्याच्या तापलेल्या बाजूला टाका.